कांद्याच्या शेतीचा हिशेब : अक्षरगणिताच्या साहाय्याने

पीक भरघोस आले म्हणजे शेतकऱ्यास फायदा होतो, हा समज खेडोपाडी रूढ आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात सुमारे पाच क्विंटल कांदा विकलेल्या एका शेतकऱ्याच्या हाती, मोटारभाडे, हमाली व तोलाई वजा जाता, अवघे अडीच रुपये उरले. त्याच्या मालास किलोमागे १ रुपया भाव मिळाला होता आणि माल बाजारात आणण्याचा खर्चही जवळपास तेवढाच झाला होता. त्याच हंगामात भाव इतके कोसळले की, राज्य शासनास कांदा उत्पादकांना क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर करावे लागले. पीक आले होते, परंतु पैसा आला नाही.

केंद्र शासन ज्या पिकांची किमान आधारभूत किंमत जाहीर करते, त्यांत कांद्याचा समावेश नाही. म्हणून कोणत्या भावाखाली कांदा विकणे परवडत नाही, हे कांदा उत्पादकास स्वतःच ठरवावे लागते. त्यासाठी लागणारे गणित कठीण नाही. शाळेत सातवी-आठवीपर्यंत शिकलेले बीजगणित त्यास पुरेसे आहे. हे गणित कसे मांडावे व लागणीपूर्वी, काढणीच्या वेळी आणि साठवणीच्या वेळी त्याचा उपयोग कसा करावा, याचे विवेचन या पाठात केले आहे.

खर्चाचे दोन प्रकार

हिशेब मांडताना सर्वप्रथम खर्चाची दोन भागांत विभागणी करावी. काही खर्च असे असतात की, एकरी ६० क्विंटल कांदा निघो अगर १२० क्विंटल निघो, ते तेवढेच राहतात. नांगरट, रोपे, लागण, खते, निंदणी, फवारणी व पाणी यांवरील खर्च या प्रकारात मोडतात. यांस स्थिर खर्च म्हणावे. दुसरे खर्च मालाच्या वजनाप्रमाणे वाढतात. काढणी व पात कापणे, वाहतूक, हमाली व तोलाई हे ते खर्च होत. यांस चल खर्च म्हणावे.

रब्बी, म्हणजे उन्हाळ कांद्याच्या एका एकराचा स्थिर खर्च उदाहरणादाखल पुढीलप्रमाणे धरावा. हे आकडे केवळ पद्धत समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या वहीतील आकडे त्यांच्या जागी घालावेत.

नांगरट, रोटाव्हेटर व वाफे बांधणी : ७,००० रुपये
बियाणे व रोपवाटिका : ८,००० रुपये
लागणीची मजुरी : १२,००० रुपये
शेणखत व रासायनिक खते : १३,००० रुपये
निंदणी व तणनाशक : ७,००० रुपये
औषधे व फवारणी : ६,००० रुपये
पाणी व वीज : ३,००० रुपये
घरच्या माणसांची मजुरी : ६,००० रुपये
जमिनीचा खंड : १०,००० रुपये
एकूण स्थिर खर्च : ७२,००० रुपये

यांतील शेवटच्या दोन बाबी पुष्कळ शेतकरी हिशेबात धरीत नाहीत. घरची माणसे राबली म्हणून त्यांची मजुरी फुकट ठरत नाही. तीच माणसे दुसऱ्याच्या शेतात गेली असती, तर त्यांना रोजगार मिळाला असता. जमीन स्वतःची असली, तरी ती खंडाने दिली असती तर पैसे आले असते. या बाबी वगळून काढलेला नफा हा खरा नफा नसून त्यात घरच्यांची मजुरी मिसळलेली असते.

चल खर्च क्विंटलमागे असा धरावा : काढणी व पात कापणे १२० रुपये, वाहतूक ६० रुपये, हमाली व तोलाई २० रुपये, एकूण २०० रुपये. काही गावांत काढणी एकरी उक्ती दिली जाते. तेथे ती रक्कम अपेक्षित उत्पादनाने भागून क्विंटलचा दर काढता येतो.

अक्षरांची योजना

आता पाच अक्षरे ठरवावीत.

क्ष = एकरी उत्पादन, क्विंटलमध्ये
भ = क्विंटलचा भाव
स = एकरी स्थिर खर्च
च = क्विंटलमागे चल खर्च
न = एकरी नफा

एकूण खर्च = स + च × क्ष
एकूण उत्पन्न = भ × क्ष
म्हणून न = (भ − च) × क्ष − स

वरील उदाहरणाचे आकडे घातल्यास हे सूत्र असे होते :

न = (भ − २००) × क्ष − ७२,०००

उत्पादन व भाव यांचे आकडे या सूत्रात घातले की, नफ्याचा एक निश्चित आकडा मिळतो. एक राशी बदलली असता तिच्यावर अवलंबून असलेली दुसरी राशी ठरावीक नियमाने बदलते, तेव्हा त्या संबंधास गणितात फलन म्हणतात. नफा हे उत्पादनाचे व भावाचे फलन आहे. शेतकरी तोंडी हिशेब करतो, तेव्हा तो याच नियमाने चालतो. सूत्र लिहिल्याने एवढेच होते की, कोणतीही बाब विसरली जात नाही आणि आकडे बदलून तोच हिशेब पुन्हा करता येतो.

सूत्रातील (भ − च) या भागाकडे विशेष लक्ष द्यावे. प्रत्येक क्विंटल विकल्यावर, त्याचा स्वतःचा खर्च भागवून, स्थिर खर्च फेडण्यास किती रक्कम उरते, हे त्यावरून कळते. भाव १,००० रुपये असता क्विंटलमागे ८०० रुपये उरतात. ७२,००० रुपयांचा स्थिर खर्च ८०० रुपयांच्या हप्त्यांनी फेडावयाचा, तर ९० क्विंटल कांदा लागतो. एक्याण्णवाव्या क्विंटलपासून पुढे नफा सुरू होतो.

ना नफा, ना तोटा

नफा शून्य असतो, तो बिंदू शोधणे हा या गणिताचा पहिला उपयोग होय. न = ० धरल्यास :

भ = च + स ÷ क्ष

या भावास समतोल भाव म्हणावे. वरील खर्चात निरनिराळ्या उत्पादनास तो असा येतो :

८० क्विंटल उत्पादनास : २०० + ९०० = १,१०० रुपये
१०० क्विंटल उत्पादनास : २०० + ७२० = ९२० रुपये
१२० क्विंटल उत्पादनास : २०० + ६०० = ८०० रुपये

एकाच गावातील, सारखाच खर्च करणाऱ्या शेतकऱ्यांचा समतोल भाव उत्पादनातील फरकामुळे ३०० रुपयांनी वेगळा पडू शकतो. म्हणून ‘गेल्या वर्षी शेजाऱ्याला हजारात परवडले’ एवढ्यावरून आपणांसही परवडेल, असे अनुमान काढू नये.

हीच गोष्ट आलेखाच्या कागदावर स्पष्ट दिसते. आडव्या रेषेवर क्विंटल व उभ्या रेषेवर रुपये मांडावेत. खर्चाची रेषा ७२,००० पासून सुरू होऊन हळूहळू वर चढते. उत्पन्नाची रेषा शून्यापासून निघून अधिक वेगाने चढते. भाव १,००० रुपये असता दोन्ही रेषा ९० क्विंटलवर एकमेकींस छेदतात. छेदनबिंदूच्या डावीकडे तोटा, उजवीकडे नफा. भाव उतरला की, उत्पन्नाची रेषा खाली झुकते व छेदनबिंदू उजवीकडे सरकतो. ग्रामसभेत अगर शेतीशाळेत फळ्यावर हा आलेख काढून दाखविल्यास अक्षरांची भीती वाटणाऱ्यांसही विषय समजतो.

काढणीच्या वेळी प्रश्न बदलतो

समजा, लागणीनंतर भाव घसरत गेला आणि काढणीच्या वेळी तो ४५० रुपयांवर आला. समतोल भाव तर ९२० रुपये आहे. अशा वेळी ‘निम्मासुद्धा भाव नाही, मग काढणीचा खर्च कशाला करावयाचा?’ असे म्हणून उभ्या पिकात नांगर घालण्याचा विचार काहींच्या मनात येतो. निर्णय करण्यापूर्वी दोन्ही मार्गांचा हिशेब करावा.

काढणी करून विकल्यास : न = (४५० − २००) × १०० − ७२,००० = − ४७,००० रुपये
पीक तसेच सोडल्यास : न = − ७२,००० रुपये

दोन्हीकडे तोटाच आहे, परंतु काढणी केल्याने तो २५,००० रुपयांनी कमी होतो. ७२,००० रुपये आधीच जमिनीत गेले आहेत. काढणी केली अगर न केली, तरी ते परत येत नाहीत. काढणीच्या दिवशी विचारावयाचा प्रश्न एवढाच की, यापुढे होणारा खर्च भावातून निघतो किंवा नाही. म्हणून त्या दिवशी तुलना ९२० रुपयांशी नव्हे, तर २०० रुपयांशी करावयाची असते. भाव १५० रुपये असेल, तर मात्र काढणी केल्याने तोटा ७७,००० रुपयांपर्यंत वाढतो. तेथे हात आवरणे शहाणपणाचे होय. उभे पीक गाडण्यासही रोटाव्हेटरचा खर्च येतो, हे त्या वेळी ध्यानात घ्यावे.

कांदा काढून, पात कापून शेतात ढीग घातला असेल, तर काढणीचे १२० रुपयेही खर्च झालेले असतात. यापुढे केवळ वाहतूक, हमाली व तोलाई यांचे ८० रुपये राहतात. थोडक्यात, एकाच पिकास तीन वेळी तीन निरनिराळे किमान भाव लागू पडतात :

लागणीपूर्वी : ९२० रुपये
काढणीपूर्वी : २०० रुपये
वाहनात माल भरण्यापूर्वी : ८० रुपये

आरंभी सांगितलेल्या सोलापूरच्या उदाहरणात भाव क्विंटलला १०० रुपये होता आणि बाजारात माल आणण्याचा खर्चही क्विंटलमागे सुमारे तेवढाच पडला. माल भरण्यापूर्वी जवळच्या बाजारांतील त्या दिवसाचे भाव विचारून ही वजाबाकी करण्याची सवय लागली, तर निदान शेवटच्या टप्प्यावरील वायफळ खर्च टळू शकतो.

विकावे की चाळीत भरावे

उन्हाळ कांदा मार्च अखेरपासून मे महिन्यापर्यंत निघतो व चाळीत काही महिने टिकतो. पुढे भाव वाढेल, या आशेने तो ठेवला जातो. येथे दोन गोष्टी एकाच वेळी बदलतात : भाव चढतो आणि वजन घटते. उन्हाळ्यात कांद्यातील पाणी उडते, पावसाळी दमट हवेत सड लागते, आणि पुढे कोंब फुटू लागतात. म्हणून केवळ भावाकडे पाहून साठवणीचा निर्णय करणे धोक्याचे असते.

समजा, १०० क्विंटल कांदा काढून तयार आहे. आजचा भाव १,००० रुपये आहे. वाहतूक, हमाली व तोलाईचे ८० रुपये वजा जाता क्विंटलमागे ९२० रुपये पडतात, म्हणजे आज विकल्यास ९२,००० रुपये हाती येतात. चाळीत दरमहा ६ क्विंटल घट येते व भाव दरमहा १५० रुपयांनी वाढतो, असे धरावे. म महिन्यांनी :

उरलेले वजन = १०० − ६म
क्विंटलमागे निव्वळ भाव = ९२० + १५०म
मिळणारी रक्कम = (१०० − ६म) × (९२० + १५०म)

यातून साठवणीचा खर्च वजा करावा. चाळ भरण्यास एकदाच ५,००० रुपये, आणि निवडणी व अडकलेल्या पैशाचे व्याज मिळून दरमहा १,५०० रुपये धरल्यास हाती येणारी रक्कम अशी :

आज विकल्यास : ९२,००० रुपये
१ महिन्याने : ९४,०८० रुपये
२ महिन्यांनी : ९९,३६० रुपये
३ महिन्यांनी : १,०२,८४० रुपये
४ महिन्यांनी : १,०४,५२० रुपये
५ महिन्यांनी : १,०४,४०० रुपये
६ महिन्यांनी : १,०२,४८० रुपये

सहाव्या महिन्यात भाव १,९०० रुपये झालेला असतो, चौथ्या महिन्यात तो १,६०० रुपयेच होता. तरीसुद्धा चौथ्या महिन्यात विकणाऱ्याच्या हाती अधिक रक्कम येते. दोन रेषांचा गुणाकार केला असता आलेख सरळ न राहता कमानीसारखा होतो. तो वर चढतो, माथ्यावर येतो आणि मग उतरू लागतो. भाव चढत असतानाही उत्पन्न उतरू शकते, ते यामुळेच.

हाच हिशेब भाववाढ दरमहा केवळ ५० रुपये धरून करावा. चार महिन्यांनी भाव १,२०० रुपये होतो. ७६ क्विंटल उरतात. ७६ × १,१२० = ८५,१२० रुपये; त्यातून साठवणीचे ११,००० रुपये जाता ७४,१२० रुपये राहतात. भाव २०० रुपयांनी वाढला, परंतु शेतकऱ्याचे १७,८८० रुपयांनी नुकसान झाले. साठवणीपासून होणारा लाभ १२,५२० रुपयांचा होता, हे लक्षात घेतले म्हणजे या निर्णयातील जोखीम किती मोठी आहे, ते कळून येते.

साठवणीचा किमान भाव

पुढील भाव किती वाढेल, हे कोणीही निश्चित सांगू शकत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागू झाले. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी आली व ती मे २०२४ मध्ये उठली. त्यानंतरही राहिलेले निर्यात शुल्क १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले. अशा घटना कोणत्याही सूत्रात बसत नाहीत. परंतु साठवण परवडण्यासाठी पुढे किमान किती भाव मिळाला पाहिजे, हे मात्र आजच काढता येते :

किमान भाव = (आज हाती येणारी रक्कम + साठवणीचा खर्च) ÷ पुढे उरणारे वजन + वाहतूक, हमाली व तोलाई

वरील उदाहरणात चार महिन्यांसाठी : (९२,००० + ११,०००) ÷ ७६ + ८० = सुमारे १,४३६ रुपये.

आता शेतकऱ्यापुढील प्रश्न नेमका होतो. ‘भाव वाढेल काय?’ असा मोघम प्रश्न न राहता, ‘हजाराचा भाव चार महिन्यांत १,४३६ च्या वर जाईल काय?’ असा प्रश्न त्यास स्वतःला विचारता येतो. मागील काही वर्षांचे बाजार समितीचे भाव पाहून त्याचे उत्तर त्याने अजमावावे. खात्री नसेल, तर कर्जाचा हप्ता व घरखर्च भागेल इतका माल आधी विकून उरलेलाच चाळीत भरावा, म्हणजे सर्व जोखीम एका दिवसाच्या भावावर पडत नाही.

भाव शेतकऱ्याच्या हाती नसतो, परंतु घट पुष्कळ अंशी त्याच्या हाती असते. दरमहा घट ६ ऐवजी ४ क्विंटलवर आली, तर चार महिन्यांनी ७६ च्या जागी ८४ क्विंटल कांदा उरतो. १,६०० रुपये भावास त्या ८ क्विंटलचे, वाहतूक, हमाली व तोलाई वजा जाता, १२,१६० रुपये होतात. साठवणीस योग्य वाण निवडणे, नत्र खत उशिरापर्यंत न देणे, काढणीपूर्वी पाणी तोडणे, कांदा पातीसह शेतात सुकविणे, मान ठेवून पात कापणे, सावलीत पुन्हा सुकविणे, जोड व डेंगळे कांदे वेगळे काढणे आणि चाळीत खालून व बाजूंनी हवा खेळती ठेवणे, या गोष्टींचे मोल रुपयांत किती, ते या आकड्यावरून शेतकऱ्यास पटवून देता येईल.

कार्यकर्त्यांनी करावयाचे काम

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी लागणीपूर्वी, म्हणजे नोव्हेंबर महिन्यात, आठ-दहा शेतकऱ्यांना एकत्र बसवून प्रत्येकाचा स, च व समतोल भाव त्याच्याच वहीत लिहून द्यावा. आकडे शेतकऱ्याच्या तोंडून घ्यावेत. छापील आकडे त्याच्या माथी मारू नयेत. ज्यांनी खर्च लिहून ठेवलेला नाही, त्यांच्यासाठी या हंगामापासून वही सुरू करावी. काढणीच्या वेळी त्याच वहीत दुसरा हिशेब, आणि चाळ भरताना तिसरा हिशेब मांडावा. चाळीतील घट अंदाजाने न धरता, एका जाळीच्या पिशवीत मोजून कांदा भरून ती चाळीत ठेवावी व दरमहा तोलावी, म्हणजे पुढील वर्षी ती संख्या स्वतःच्या अनुभवाची होईल.

स्वाध्याय

१. एका शेतकऱ्याचा एकरी स्थिर खर्च ६०,००० रुपये, चल खर्च क्विंटलमागे २२० रुपये आणि उत्पादन ८० क्विंटल आहे. समतोल भाव काढा. भाव १,२०० रुपये मिळाल्यास एकरी नफा किती?

२. ६० क्विंटल कांदा तयार आहे. आजचा भाव १,२०० रुपये असून वाहतूक, हमाली व तोलाईचा खर्च क्विंटलमागे ८० रुपये आहे. तीन महिन्यांनी ५१ क्विंटल उरेल व साठवणीस ६,३०० रुपये लागतील. तीन महिन्यांनी किमान किती भाव मिळाल्यास साठवण परवडेल?

उत्तरे : (१) समतोल भाव ९७० रुपये, नफा १८,४०० रुपये. (२) सुमारे १,५२२ रुपये.